नेव्हीत कोड फोडणारा माणूस कॉम्प्युटर कंपनी कशी चालवतो? विल्यम नॉरिसबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे की दुसऱ्या महायुद्धात गुप्तचर खात्यात काम केलेला माणूस पुढे मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला असं एखादं खरं उदाहरण आहे का, आणि तो अनुभव धंद्यात खरंच कामाला येतो का. विचारणाऱ्याचे मामा मिलिटरी इंटेलिजन्समधून रिटायर होऊन प्रायव्हेट कंपनीत जॉइन होतायत म्हणून विचारलंय.

माझं आयुष्य पुण्यात डिफेन्सला इलेक्ट्रॉनिक्स पुरवण्यात गेलं, आधी दुसऱ्याच्या कंपनीत आणि मग स्वतःच्या छोट्या युनिटमध्ये. त्यामुळे युनिफॉर्म उतरवून धंद्यात आलेली माणसं मी भरपूर बघितलीत, चाललेली पण आणि न चाललेली पण. तरी उदाहरण द्यायचं तर मी आपल्याकडचं कुणाचं देणार नाही, विल्यम नॉरिसचं देईन. अमेरिकन माणूस, कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन म्हणजे सीडीसीचा संस्थापक. आजच्या पोरांना नाव माहीत नसेल, पण १९६० च्या दशकात जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर याच्या कंपनीचा होता आणि आयबीएमला, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या कॉम्प्युटर कंपनीला, कोर्टात खेचून नमवणारा पण हाच. आणि आपल्या मुंबईत, कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत, १९६४ साली जे मोठं मशीन आलं, सीडीसी ३६००, ते याच कंपनीचं. देशभरातले सायंटिस्ट आपापले प्रोग्रॅम घेऊन त्या मशीनसाठी मुंबईला यायचे. माझे पहिले साहेब तरुणपणी पंच केलेल्या कार्डांची पेटी (तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा) मांडीवर धरून डेक्कन क्वीनने जायचे, पेटी पडली आणि कार्डांचा क्रम बिघडला तर आठवडा गेला म्हणून समजा. नॉरिसचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

आता गुप्तचर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कोट-टोपीवाला हेर येतो. नॉरिस तसा नव्हता. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर, नेव्हीतला अधिकारी, आणि वॉशिंग्टनमध्ये बसून शत्रूचे सांकेतिक रेडिओ संदेश फोडणाऱ्या गटात होता. त्या गटाचं कागदावरचं नाव लांबलचक, कम्युनिकेशन्स सप्लिमेंटरी अ‍ॅक्टिव्हिटी वॉशिंग्टन, आतली माणसं त्याला नुसतं सीसॉ म्हणायची. १९४२ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्यांनी एनिग्मामध्ये, म्हणजे संदेश सांकेतिक करायच्या त्यांच्या मशीनमध्ये, चौथा रोटर (फिरती चकती) टाकला आणि ब्रिटिशांची कोड फोडायची मशीनं अपुरी पडायला लागली, अटलांटिकमध्ये जहाजांवर जहाजं बुडत होती. तेव्हा अमेरिकन नेव्हीने ओहायोमधल्या डेटन गावी, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, म्हणजे दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कारखान्यात, जोसेफ डेश नावाच्या इंजिनिअरकडून बाँब नावाची कोड फोडायची मशीनं बनवून घेतली. एकेक मशीन अडीच टनाच्या आसपास, अशी शंभरावर बनली. वॉशिंग्टनमध्ये एका मुलींच्या शाळेची जागा नेव्हीने ताब्यात घेतली आणि तिथे नेव्हीतल्या तरुण बायका शिफ्टमध्ये ती मशीनं चालवायच्या.

या कामात तीन गोष्टी होत्या, त्या नीट लक्षात ठेवा कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते. प्रश्न एकदम स्पष्ट होता, आज अमुक कोडची किल्ली शोधा. पैशाची चणचण नव्हती. आणि काम झालं का नाही हे दुसऱ्या दिवशी कळायचं, मार्केटिंग करून लपवता यायचं नाही. गणिती, इंजिनिअर, भाषा जाणणारे, सगळे एका छताखाली, आणि बाहेर बायकोला पण सांगायचं नाही. अशा वातावरणात तीन-चार वर्षं काढली की माणसाला एक सवय लागते, थोडी हुशार माणसं एकत्र बसवली की काहीही होतं असं वाटायला लागतं. नॉरिसला ती सवय लागली आणि ती जन्मभर सुटली नाही. ती त्याला वर घेऊन गेली आणि शेवटी तिनेच त्याला खाली पण आणलं, असं माझं मत आहे.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं, कारण लोक हा भाग गाळतात. नॉरिस १९११ साली नेब्रास्कामध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला, एका खोलीच्या शाळेत शिकला, १९३२ साली नेब्रास्का युनिव्हर्सिटीतून इंजिनिअर झाला. त्याच वेळेस वडील गेले, बाहेर मंदी, नोकऱ्या नाहीत, मग पोरगा घरी येऊन शेती बघायला लागला आणि नेमका दुष्काळ पडला. चारा संपला. शेजारीपाजारी मिळेल त्या भावात जनावरं विकत होते. आपल्याकडे मराठवाड्यात असं झालं की काय होतं ते वेगळं सांगायला नको, बाजारात जनावर न्यायचं आणि खाटकाच्या भावात देऊन यायचं. नॉरिसने काय केलं, तर रानात रशियन थिसल नावाचं एक काटेरी तण माजलं होतं, कोणी त्याला हात लावत नव्हतं, ते कापून त्याची गंजी लावली आणि हिवाळाभर गुरांना तेच घातलं. लोक म्हणाले गुरं मरतील. गुरं जगली, आणि पुढे भाव चढल्यावर विकली. ही गोष्ट तो म्हातारपणी पण आवडीने सांगायचा. सगळे दक्षिणेला निघाले की मला उत्तरेला जावंसं वाटतं अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे, ते इथूनच आलं असणार.

त्यानंतर त्याने वेस्टिंगहाऊसमध्ये एक्सरे मशीनं विकायचं काम केलं, शिकागोला. म्हणजे युद्धाच्या आधी हा सेल्समन होता बरं का! डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून महागडं यंत्र गळ्यात मारणं हे काय सोपं काम नाही. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, पण ते नंतर.

१९४५ ला युद्ध संपलं. नेव्हीपुढे प्रश्न असा की ही सगळी हुशार माणसं आता घरी जाणार, कोणी युनिव्हर्सिटीत, कोणी बेल लॅबमध्ये, आणि एकदा पांगली की परत गोळा होणार नाहीत. समोर रशिया उभा होताच. नॉरिस आणि हॉवर्ड एंगस्ट्रॉम, हा येलचा गणिती, सीसॉमधला मोठा माणूस, पुढे एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचा डेप्युटी डायरेक्टर झाला, या दोघांनी मिळून नेव्हीला म्हटलं की आम्ही प्रायव्हेट कंपनी काढतो, सगळी टीम त्यात घेतो, तुम्ही कामं द्या. नेव्हीला पटलं. पण पैसे कोण घालणार? आता विचार करा, तुम्ही गुंतवणूकदारासमोर बसलाय, तो विचारतो कंपनी काय बनवणार, तर तुम्ही म्हणणार ते सांगता येत नाही. गिऱ्हाईक कोण? ते पण सांगता येत नाही. आधी काय बनवलंय? त्याबद्दल तर बोललो तर तुरुंगात जाऊ. साहजिकच कोणी उभं करेना.

शेवटी जॉन पार्कर नावाचा माणूस मिळाला. हा बँकर, नेव्हल अ‍ॅकॅडमीचा माजी विद्यार्थी, आणि सेंट पॉल, मिनेसोटा इथे त्याचा ग्लायडर बनवायचा कारखाना होता. युद्ध संपलं तशी लाकडी ग्लायडरची मागणी शून्यावर आली आणि कारखाना ओस पडला. पार्करला पण नेमकं काम काय ते कोणी सांगितलं नाही, फक्त देशासाठी महत्त्वाचं आहे एवढंच नेव्हीतल्या वरच्या लोकांनी कानावर घातलं आणि त्याने हो म्हटलं. १९४६ च्या जानेवारीत इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स, ईआरए, चालू झाली. शेअर १० सेंटला एक, एकूण भांडवल २० हजार डॉलर, त्यातले अर्धे पार्करच्या गटाचे आणि अर्धे या तांत्रिक मंडळींचे, आणि वर २ लाखाच्या कर्जाची सोय. नॉरिस आणि सीसॉमधले चाळीसएक जण तिथे गेले. जागा म्हणजे ग्लायडरची अवाढव्य शेड, मिनेसोटाची थंडी, आत कोट घालून काम करायचं, छतात चिमण्या, आणि दारावर नेव्हीचा पहारा.

इथे एक गंमत सांगतो, सरकारी टेंडर भरणाऱ्या कुणालाही ती पटकन कळेल. ईआरए नवीकोरी कंपनी, अनुभव शून्य, त्यामुळे सरकारी नियमाप्रमाणे तिला काँट्रॅक्ट देताच येत नव्हतं. आपल्याकडे नाही का, मागच्या तीन वर्षांचा टर्नओव्हर दाखवा, तसल्याच कामाची पूर्तता प्रमाणपत्रं जोडा. मग तोड काय काढली, तर पार्करच्या जुन्या ग्लायडर कंपनीच्या नावाने काँट्रॅक्ट आणि काम ईआरएची माणसं करणार. ८० वर्षांपूर्वी अमेरिकेत पण हेच होतं हे वाचून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ईआरएने कोड फोडायची खास मशीनं बनवली. त्यातल्या गोल्डबर्ग नावाच्या मशीनमध्ये फिरत्या धातूच्या ड्रमवर जर्मनीतून आणलेली मॅग्नेटिक टेप चिकटवून मेमरी केली होती. अक्षरशः डिंक लावून चिकटवलेली पट्टी, आणि त्यातून पुढे ड्रम मेमरीचं अख्खं तंत्र उभं राहिलं. दुसरं एक होतं डीमन, एका ठरावीक रशियन कोडसाठीच बनवलेलं. ते चाललं पण झकास. आणि १९४९ ला रशियनांनी कोडच बदलून टाकला. झालं, मशीन भंगारात! सगळा खर्च एका दिवसात वाया. मला विचाराल तर कॉम्प्युटरच्या इतिहासातला हा मोठा धडा आहे आणि तो गणितातून आलेला नाही, गिऱ्हाइकाचं नुकसान झालं त्यातून आलाय. कोड बदलला की मशीन बदलायचं हे परवडणारं नाही, मशीन तेच ठेवून आतल्या सूचना बदलता आल्या पाहिजेत. नेव्हीतल्या जेम्स पेंडरग्रास नावाच्या अधिकाऱ्याने १९४६ लाच तसा रिपोर्ट दिला होता. त्यावरून ईआरएला १३ नंबरचं काम मिळालं, त्याचं नाव अ‍ॅटलस. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब, ड्रमवर १६,३८४ शब्दांची मेमरी, १९५० च्या अखेरीस वॉशिंग्टनला पोचतं झालं. नेव्हीने परवानगी दिल्यावर हेच मशीन बाजारात आणलं आणि नाव ठेवलं ११०१. का? तर १३ हा आकडा बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहिला की ११०१ होतो. गुप्त काम करणाऱ्या लोकांची थट्टा पण गुप्तच असते.

पुढे एका वर्तमानपत्री स्तंभलेखकाने, ड्रू पिअर्सन त्याचं नाव, आरोप केला की नेव्हीतल्या माणसांनी नेव्हीत असतानाच स्वतःच्या कंपनीची सोय लावली. आरोपात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, हितसंबंधांचा प्रश्न होताच. पण उत्तर द्यायचं तर गुप्त कामाबद्दल बोलावं लागणार, ते करता येईना, वकिलांचा खर्च वाढला, आणि पार्कर कंटाळला. १९५२ साली त्याने कंपनी रेमिंग्टन रँड या टाइपरायटर आणि ऑफिसची यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला विकून टाकली. किंमत कशी ठरवली तर म्हणतात की इंजिनिअर मोजले, साधारण ३४०, आणि डोक्यामागे ५ हजार डॉलर लावले, म्हणजे १७ लाख. १० सेंटच्या शेअरचे झाले साडेआठ डॉलर. कारण मशीनं दाखवता येत नव्हती, हिशेबाची पुस्तकं अर्धी गुप्त, मग दाखवण्यासारखी माणसंच राहतात ना.

रेमिंग्टन रँड, मग १९५५ ला स्पेरी कंपनीशी विलीनीकरण, आणि नॉरिस युनिव्हॅक या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. हा भाग मी पटकन सोडतो. मोठ्या कंपनीत तिची दुसरी कॉम्प्युटर टीम म्हणजे फिलाडेल्फियावाले विरुद्ध ईआरएचे सेंट पॉलवाले असं भांडण, आणि तोवर आयबीएम पुढे निघून गेली. १९५७ च्या जुलैमध्ये वैतागून नॉरिस बाहेर पडला आणि मिनियापोलिसमध्ये सीडीसी काढली. ऑफिस कुठे तर एका वर्तमानपत्राच्या कागदाचे रोळ ठेवायच्या गोदामाच्या इमारतीत. शेअर १ डॉलरला एक, सहा लाखांवर शेअर कुठल्याही बँकरशिवाय ओळखीपाळखीत विकले. पहिल्यांदा काढलेल्या कंपनीला कोणी दमडी देत नव्हतं आणि आता मित्रमंडळी आपणहून चेक लिहीत होती! नॉरिसने स्वतःचे ७५ हजार घातले. एक्सरे विकणारा सेल्समन इथे परत कामाला आला.

आणि त्याच्यामागोमाग आला सेमूर क्रे. याच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की क्रे म्हणजे विलक्षण बुद्धीचा आणि तितकाच विक्षिप्त डिझायनर. सुरुवातीला पैसे नव्हते तर गावातल्या रेडिओच्या दुकानातून तपासणीत नापास झालेले स्वस्त ट्रान्झिस्टर आणून त्याने नमुना उभा केला, सर्किटच असं बनवलं की खराब ट्रान्झिस्टरवर पण चाललं पाहिजे. रानातलं तण गुरांना घालणाऱ्या मालकाला असा माणूस आवडणारच. १६०४ हे त्यांचं पहिलं मोठं मशीन १९६० च्या जानेवारीत कोणाकडे गेलं? नेव्हीकडेच, मॉन्टेरेच्या कॉलेजात. जुनं गिऱ्हाईक सुटलेलं नव्हतं. आपल्या टीआयएफआरचं ३६०० हे याच घराण्यातलं पुढचं मशीन.

१९६२ ला क्रे म्हणाला मला मीटिंगा नकोत, मी माझ्या गावी, विस्कॉन्सिनमध्ये चिपेवा फॉल्सला लॅब काढतो. दुसऱ्या कोणत्याही कंपनीत या माणसाला एचआरने समजावायला माणूस पाठवला असता. नॉरिसने बांधून दिली लॅब. का दिली हे सीसॉ माहीत असल्याशिवाय कळत नाही. थोडी माणसं, एक अवघड प्रश्न, मध्ये कोणी यायचं नाही, हे त्याने युद्धात स्वतः अनुभवलं होतं. तिथून १९६४ ला सीडीसी ६६०० आलं, सेकंदाला ३० लाखांच्या आसपास गणितं करणारं, तेव्हाचं जगातलं सगळ्यात वेगवान. अणुबाँबवाली लिव्हरमोर लॅब, युरोपातली सर्न अशी गिऱ्हाइकं, एकूण शंभराच्या आसपास विकली गेली. त्याआधी १९६३ च्या ऑगस्टमध्ये सीडीसीने मशीनची घोषणा केली तेव्हा आयबीएमचा प्रमुख थॉमस वॉटसनने आपल्या साहेब लोकांना चिडून मेमो लिहिला की त्या लॅबमध्ये झाडूवाल्यासकट ३४ माणसं आहेत आणि आपण एवढे असून मागे कसे पडलो. क्रेला हे कळल्यावर तो म्हणे एवढंच म्हणाला की वॉटसनसाहेबांनी उत्तर स्वतःच दिलंय.

आयबीएमने मग जे केलं ते धंद्यात नेहमीच होतं, आमच्या लाइनमध्ये पण मी भोगलंय. आम्ही वर्षभर राबून एक युनिट पास करून घेतलं आणि ऑर्डर निघायच्या वेळेला एका बड्या पुरवठादाराने नुसतं रंगीत ब्रोशर दाखवून खरेदी लांबवली, म्हणे आमचं येतंय ते थांबा. आयबीएमने तसंच ३६०/९१ जाहीर केलं, मशीन हातात नसताना. ६६०० च्या ऑर्डरी थबकल्या. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. नॉरिसने १९६८ च्या डिसेंबरमध्ये आयबीएमवर मक्तेदारीचा दावा ठोकला, बोर्डातल्या लोकांना पण हे वेडेपण वाटत होतं.

आणि आता बघा जुना कोडवाला कसा जागा झाला ते. दाव्यात आयबीएमचे लाखो कागद बघायला मिळणार होते. साधारण वकील माणसं लावून कागद वाचतात आणि कामाचे बाजूला काढतात. सीडीसीने काय केलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्या सगळ्या कागदांची सूची बनवली. कोणी कोणाला कधी काय लिहिलं, कुठल्या मशीनबद्दल, असं हवं तसं शोधता यायचं. हजारो निरुपद्रवी कागदांमधून कोण केव्हा काय ठरवत होतं याचा पूर्ण नकाशा. शत्रूच्या संदेशांचं पण असंच असतं, एकेका संदेशात फार काही नसतं, सगळे एकाशेजारी एक लावले की पाणबुडी कुठे आहे ते दिसतं. अमेरिकन सरकारचा स्वतःचा खटला आयबीएमवर चालू होता आणि सरकारी वकील पण या सूचीवर अवलंबून होते.

१९७३ च्या जानेवारीत तडजोड झाली. आयबीएमने आपली सर्व्हिस ब्यूरो कॉर्पोरेशन ही गिऱ्हाइकांची कॉम्प्युटरवरची कामं करून देणारी चालती कंपनी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरमध्ये, म्हणजे जवळजवळ फुंकून, सीडीसीला दिली, वकिलांचा खर्च दिला, आणखी बरंच दिलं, आणि सहा वर्षं त्या सर्व्हिसच्या धंद्यात पाऊल टाकणार नाही असं कबूल केलं. बदल्यात आयबीएमची मुख्य अट काय, तर ती सूची नष्ट करा. सरकारी वकिलांना पत्ता लागायच्या आत ती नष्ट झाली पण. ते संतापले, पण हातात काही राहिलं नव्हतं. माझ्या मते आयबीएमने दाव्याला भिऊन पैसे मोजले नाहीत, सूचीला भिऊन मोजले. ती सूची जाळणं बरोबर का चूक यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ते खटकतं, पण धंदा म्हणून तो डाव जबरदस्त होता.

इथपर्यंत वाचून वाटेल की वा, गुप्तचर माणूस म्हणजे धंद्यात हुकमी एक्का. थांबा, पुढचं पण सांगतो.

सीडीसीने १९६८ ला कमर्शियल क्रेडिट नावाची फायनान्स कंपनी शेअर देऊन विकत घेतली, त्यातून पैशाचा झरा मिळाला. १९७२ ला क्रे स्वतःची कंपनी काढायला गेला, तर नॉरिसने भांडण न करता त्याच्या कंपनीत पैसे घातले, ही दिलदारी मानली पाहिजे. १९८० च्या दशकात आपण याच क्रेच्या मशीनसाठी अमेरिकेच्या मागे लागलो होतो, हवामान खात्याच्या कामासाठी एक मिळालं आणि बंगलोरसाठी हवं होतं ते नाही मिळालं. मग १९८८ ला पुण्यात, गणेशखिंडीला, सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ ला परम हा आपला सुपरकॉम्प्युटर करून दाखवला. गणेशखिंडीच्या त्या गोष्टीचं एक मूळ मिनेसोटाच्या ग्लायडर शेडमध्ये आहे असं मी म्हटलं की आमच्या ग्रुपमधले लोक हसतात, हसू देत.

क्रे कंपनी सोडून जायच्या आधीच नॉरिसचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. १९६७ साली त्याने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अर्बन लीग संस्थेच्या व्हिटनी यंगचं भाषण ऐकलं, काळ्या तरुणांना काय काय सोसावं लागतं त्याबद्दल, आणि त्याच उन्हाळ्यात मिनियापोलिसमध्ये दंगल पेटली. नॉरिसने ठरवलं की आपण कारखाना दंगलीच्याच वस्तीत काढायचा, आणि देणगी म्हणून नाही, खऱ्या मालाचा. नॉर्थसाइडला कारखाना निघाला, तिथे कंपनीला लागणारे महत्त्वाचे भाग बनायचे. सेंट पॉलमध्ये सेल्बी भागात बाइंडिंगचं युनिट काढलं, त्यात पार्टटाइम शिफ्ट, मुलं शाळेत असतात त्या वेळात आया आणि नंतर कॉलेजची पोरं. पाळणाघर काढलं. हे १९७० च्या सुमाराला, तेव्हा असं करणारा सीईओ म्हणजे डोकं फिरलेला समजला जायचा. हा भाग त्याने चांगला केला आणि तो चालला, कारण इथे पण प्रश्न स्पष्ट होता, भाग वेळेवर आणि नीट बनले का नाही.

प्लेटोचं तसं झालं नाही. प्लेटो म्हणजे इलिनॉय युनिव्हर्सिटीत डोनाल्ड बिट्झरने उभी केलेली कॉम्प्युटरवरून शिकवायची सिस्टीम. नारिंगी प्लाझ्मा स्क्रीन, बोटाने टच करता येणारी, त्यावर चॅट, चर्चा, गेम्स, १९७० च्या दशकात! १९७६ ला सीडीसीने ती बाजारात विकायचे हक्क घेतले आणि नॉरिस सांगायला लागला की पुढे कंपनीचं निम्मं उत्पन्न शिक्षणातून येईल. कल्पना चुकीची नव्हती, आज तुमची पोरं मोबाइलवर हेच करतायत. पण मेनफ्रेमला, म्हणजे दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरला, जोडलेल्या टर्मिनलचा तासाचा दर शाळेला परवडेना. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक कोण? नेव्हीला माहीत होतं त्यांना काय हवंय आणि ते पैसे मोजत होते. शाळा म्हणायच्या छान आहे, आणि निघून जायच्या. एकाच मोठ्या सरकारी गिऱ्हाइकाबरोबर वाढलेल्या माणसाची ही अडचण मी जवळून बघितलीय. त्याला मागणी तयार असलेली मिळते, ती निर्माण करावी लागते हे त्याच्या अंगवळणी नसतं. आणि अजून एक, गुप्त कामात बाहेरचा माणूस हसला तरी तुम्ही लक्ष देत नाही, कारण त्याला आतलं माहीतच नसतं. ती सवय बाजारात घातक आहे, तिथे हसणाऱ्याचं कधीकधी बरोबर असतं. प्लेटोवर कोट्यवधी डॉलर गेले.

बरोबरीने पीसी आले, जपानी डिस्क ड्राइव्हवाले आले, आणि १९८५ ला सीडीसीला ५६ कोटी डॉलरच्या वर तोटा झाला, कर्जाचे हप्ते चुकले. १९८६ च्या जानेवारीत नॉरिस पायउतार झाला, वय ७४. मागे उरलेल्यांनी तुकडे करून विकलं, डिस्कचा धंदा १९८९ ला सीगेटकडे गेला. आणि ती कमर्शियल क्रेडिट? ती १९८६ ला सँडी वाइलच्या हातात गेली आणि वाढत वाढत तिचीच पुढे सिटीग्रुप झाली. कॉम्प्युटरवाल्या घरातून निघालेली सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी बँक निघाली, यावर काय बोलणार.

अजून एक विसरत होतो. ज्या माणसाने रशियन कोड फोडायची मशीनं बनवली तोच १९७० च्या दशकात रशियाशी व्यापार करायच्या बाजूने हिरिरीने भांडत होता. १९७३ ला सीडीसीने सोव्हिएत युनियनशी सहकार्याचा करार केला, आणि मॉस्कोच्या हवामान केंद्राला सायबर ७६ हा आपला मोठा कॉम्प्युटर विकायचा सौदा १९७७ ला कार्टर सरकारने अडवला. लोकांनी त्याला काय काय म्हटलं. त्याचं म्हणणं असं की विकल्याने आपल्याला पण त्यांच्याकडचं कळतं. यात त्याचं किती खरं होतं मला ठरवता येत नाही, पण शत्रूकडे काय आहे याची भीती आतून बघितलेल्या माणसाला कमी असते हे मी आपल्या फौजेतल्या लोकांमध्ये पण बघितलंय.

नॉरिस २००६ च्या ऑगस्टमध्ये गेला, ९५ वर्षांचा होऊन. युद्धातल्या कामाबद्दल त्याला कित्येक दशकं चार लोकांत बोलता पण आलं नाही.

आता मामांचं. इंटेलिजन्सचा अनुभव कामाला येतो, पण कुठल्या खुर्चीत बसवतात त्यावर आहे. स्पर्धक काय करतोय, टेंडरमध्ये कोण कुठल्या भावात उतरेल, सप्लायर खोटं बोलतोय का, पाच ठिकाणचे तुकडे जोडून एक चित्र काढणं, यात ते कंपनीतल्या एमबीएवाल्यांना सहज मागे टाकतील. पण कंपनीने त्यांना नुसतं सिक्युरिटी आणि लायझनला बसवलं, म्हणजे सगळे करतात तेच केलं, तर दोन वर्षांत ओळखी आटतात आणि माणूस कंटाळतो. त्यांनी जॉइन होतानाच सांगावं की पहिले सहा महिने मला सेल्सच्या माणसाबरोबर फिरवा, डिफेन्स सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे. नाही म्हणून ऐकायची सवय लागते. नॉरिसला ती एक्सरे विकताना लागली होती, युद्धाच्या आधीच. आणि अजून एक छोटी गोष्ट, निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत कमर्शियल नोकरी धरायची असेल तर परवानगी लागते, तो कागद हातात आल्याशिवाय ऑफर लेटरवर सही करू नका म्हणावं, ड्रू पिअर्सन सगळ्याच देशांत असतात.